जाळ्यांतील गट व त्यांचा पुरावा

पत्रव्यवहार, सोयरिकी, पोथ्यांतील समान पाठ यांचीं जाळीं मांडून संगणकाकरवीं त्यांतून गट पाडण्याची रीत इतिहाससंशोधनांत शिरली आहे. रीतीस आमचा विरोध नाहीं. निघालेला गट हाच पुरावा मानण्यास आहे. न्यूमन व गिर्व्हन यांनीं २००४ सालीं सुचविलेला गटबद्धतेचा अंक मोठा आला कीं गट सिद्ध, असें पुष्कळांस वाटतें. हा अंक यदृच्छेनें अपेक्षित असलेले संबंध वजा करतो खरा. परंतु संगणक असंख्य विभागण्यांतून सर्वांत अनुकूल तीच निवडतो, हें विसरलें जातें. म्हणूनच निव्वळ यदृच्छेनें जोडलेल्या विरळ जाळ्यांतहि तो मोठा येऊं शकतो. गिमेरा प्रभृतींनीं हें त्याच वर्षीं दाखविलें.

मेडिचींच्या उदयावरील पॅजेट व अ‍ॅन्सेल यांच्या १९९३ च्या निबंधामुळें प्रसिद्धीस आलेलें फ्लॉरेन्सचें जाळें पाहावें. नेहमीं उद्धृत होणाऱ्या त्याच्या पाठांत घराणीं १६, सोयरिकी २०. मेडिचींच्या ६, पुच्चींची एकहि नाहीं. एवढ्याशा सामग्रींतूनहि संगणक गट काढणारच. नाहीं म्हणणें त्यास ठाऊकच नाहीं! प्रत्येक घराण्याच्या सोयरिकींची संख्या कायम ठेवून जोड्या सहस्र वेळां उलटसुलट कराव्या, दर वेळीं त्याच रीतीनें गट पाडावे, आणि मूळ अंक या सर्वांहून स्पष्टपणें वरचढ ठरतो काय तें पाहावें. ही परीक्षा न देणाऱ्या लेखांतील रंगीत आकृति आम्हांस ग्राह्य नाहीं.

पोथ्यांच्या कुळांविषयीं तर अधिकच जपावें. पाठसंकर किती खोल असतो हें सुकथनकरांनीं १९३३ सालींच आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत दाखविलें आहे. दोन कुळांचे पाठ वाहणाऱ्या पोथीस एकाच गटांत कोंबणारी रीत तेथें परीक्षेपूर्वींच अपुरी पडते.