निरागसतेची जाहिरात

'चिरिओज' या अमेरिकन न्याहारीच्या पदार्थाची एक जाहिरात मे २०१३ मध्ये झळकली. गोरी आई, काळा बाप आणि त्यांची लहान मुलगी. हा पदार्थ हृदयाला चांगला असतो का, असे मुलगी आईला विचारते. आई होकार देते. मुलगी खोका घेऊन पळते. पुढच्या दृश्यात कोचावर झोपलेला बाप जागा होतो, तो त्याच्या छातीवर चिरिओजचा ढीग! शेवटी पडद्यावर एकच शब्द : प्रेम. एवढ्यावरून वर्णद्वेष्ट्यांनी यूट्यूबवर इतकी गरळ ओकली, की कंपनीला तेथील शेऱ्यांची सोय बंद करावी लागली.

त्याच वर्षी जुलैत फाइन बंधूंनी ही जाहिरात काही मुलांना दाखवून त्यांची मते चित्रित केली. यावर वाद का झाला असावा, हे त्या मुलांना सुचेना. कारण कळल्यावर ती चकित झाली, संतापली. उदारमतवाद्यांना आनंदाचे भरते आले. मुले निरागस असतात, द्वेष त्यांना शिकवावा लागतो, तेव्हा नवी पिढी आली की हा रोग आपोआप जाईल, असे म्हटले गेले.

हा निष्कर्ष मला साफ नामंजूर आहे. मुलांचा संताप खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मुलांना रंग दिसतच नाही, हे खोटे आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे गोऱ्या व तपकिरी बाहुल्या ठेवल्या होत्या. रंग सोडला तर बाहुल्या सारख्याच. चांगली कोणती, या प्रश्नावर बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली उचलली. तुझ्यासारखी कोणती, असे विचारताच काही मुले रडू लागली. १९५४ साली शाळांतील वर्णविभाजन बेकायदा ठरविताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या संशोधनाचा आधार घेतला. या मुलांना स्वतःचा तिरस्कार करण्याचा धडा कोणी फळ्यावर लिहून दिला होता? तो रस्त्याने दिला, दुकानाने दिला, शाळेच्या दाराने दिला.

मग २०१३ सालची मुले वेगळी का? त्यांच्या पाठीशी १९५४ चा निकाल होता, सोळा राज्यांतील आंतरवर्णीय विवाहबंदी मोडणारा १९६७ चा 'लव्हिंग' खटल्याचा निकाल होता, आणि त्यासाठी लाठ्या खाल्लेली, तुरुंगात गेलेली माणसे होती. तरीही अलाबामाच्या राज्यघटनेतून ही बंदी पुसायला २००० साल उजाडावे लागले. मुलांच्या अंगी दिसली ती निसर्गाची देणगी नव्हे. ती काळ्यांच्या लढ्याची कमाई आहे. तिला निरागसता म्हटले की लढणारे गायब होतात.

जाहिरातही तपासून पाहावी. नवरा-बायको एकाही चौकटीत एकत्र दिसत नाहीत! दोघांना जोडते ती फक्त मुलगी. धाडसालाही मोजमाप होते. मात्र कंपनीने जाहिरात मागे घेतली नाही, उलट २०१४ च्या सुपर बोलमध्ये तेच कुटुंब पुन्हा आणले, हे श्रेय तिला द्यावेच लागेल. आपल्याकडे ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने मुस्लिम घरात हिंदू सुनेचे डोहाळजेवण दाखविले आणि गदारोळ होताच काही दिवसांत ती जाहिरात मागे घेतली.

आणि जात? ती कातडीवर दिसत नाही. आंतरजातीय घर दाखवायचे तर आडनाव उच्चारावे लागेल, आणि आपल्या साबण-चहावाल्यांच्या सुखी कुटुंबांना आडनावच नसते. चिरिओजची जाहिरात मी बी.ए.च्या वर्गात दाखविली, तेव्हा वाद कशाचा हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

जात उघड बोलणारी आपल्याकडची जाहिरात एकच, वधू-वर पाहिजेची. १९३६ साली बाबासाहेबांनी जातिभेदावरचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला. त्यानंतर कित्येक दशकांनीही या स्तंभांत सुशिक्षित, पुरोगामी घराण्यांनी 'जातीची अट नाही' असे छापले आणि त्याला जोडूनच छापले : 'एस.सी., एस.टी. क्षमस्व.' ही वर्तमानपत्रे घरात उघडी पडलेली असतात, आणि अक्षरओळख झालेली मुले ती वाचतात.