प्युरिटन जीवनदृष्टी आणि अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीटची कविता

'प्युरिटन' हे नाव मुळात विरोधकांनी उपहासाने दिलेले. राणी एलिझाबेथच्या राजवटीत १५५९ साली इंग्लंडच्या चर्चची नवी घडी बसविण्यात आली, तरी धर्मगुरूंची पारंपरिक वस्त्रे व काही जुने विधी टिकून राहिले. ते काढून उपासना केवळ बायबलच्या आधारावर उभी करावी, असा या मंडळींचा आग्रह होता. पुढे पहिल्या चार्ल्सच्या काळात दडपण वाढले आणि १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉपच्या नेतृत्वाखाली त्यांचा एक मोठा समूह मॅसॅच्युसेट्सला गेला. त्यात सुमारे अठरा वर्षांची अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट होती.

कोणाचा उद्धार व्हावयाचा हे ईश्वराने आधीच ठरविले आहे, सत्कृत्यांनी ते बदलत नाही, ही कॅल्व्हिनप्रणीत श्रद्धा या पंथाचा गाभा होय. अशा श्रद्धेतून निष्क्रियता यावी, असे तर्काला वाटते. प्रत्यक्षात घडले ते उलट. ईश्वरी कृपेची खूण माणूस रोज स्वतःच्या अंतःकरणात शोधू लागला. घरातील प्रार्थना, शनिवारी सूर्यास्तापासून पाळावयाचा शब्बाथ, प्रवचनांची टिपणे, रोजनिशी, ही सारी दिनचर्या वाचन व आत्मपरीक्षण यांवर आधारलेली होती. १६४७ च्या कायद्याने पन्नास कुटुंबांच्या गावाला शिक्षक नेमणे बंधनकारक झाले, ते मुख्यतः बायबल वाचता यावे म्हणून. उलट, बायबलचा आधार नसलेला नाताळ साजरा करणाऱ्यास १६५९ पासून १६८१ पर्यंत पाच शिलिंग दंड होता.

या आत्मपरीक्षणाचे वाङ्मयीन फलित ब्रॅडस्ट्रीटच्या कवितेत दिसते. जुलै १६६६ मध्ये तिचे घर जळाले. त्यावरील कवितेत 'देणाऱ्यानेच नेले' असे ती प्रारंभीच मान्य करते. परंतु राखेजवळून जाताना तिची नजर पेटी-संदुकीच्या जागांवर खिळते, आणि या छपराखाली आता पाहुणा बसणार नाही, ही जाणीव तिला व्याकूळ करते. मग ती आपल्याच मनाला दटावते.

हा शेवट केवळ संकेताचे पालन असून आसक्ती तेवढी खरी, असे मत मांडले जाते. ते पटत नाही. ऐहिकाचा मोह ही येथे उद्धाराविषयीची शंका आहे. म्हणूनच साध्या संदुकीलाही एवढे वजन येते. श्रद्धा वगळली तर उरेल ती केवळ नुकसानीची यादी.

हीच शोधक नजर दुसऱ्यांवर वळली, तेव्हा मात्र ती निर्दय झाली. अ‍ॅन हचिन्सनला १६३८ मध्ये वसाहत सोडावी लागली; १६९२ च्या सेलम खटल्यांत एकोणीस जणांना फाशी झाली. प्युरिटन परंपरेचे मूल्यमापन करताना ही दोन्ही रूपे एकत्रच पाहावी लागतात. न्यायासनावर बसलेल्या त्या नजरेने माणसे चिरडली. स्वतःच्या घराच्या राखेसमोर उभी राहिली तेव्हा तिने कविता दिली.