‘ब्लॅक फ्रायर’ : मद्यगृहातील मठ

लंडनच्या ‘ब्लॅक फ्रायर’ मद्यगृहाच्या परिसरातील डॉमिनिकन मठ १५३८ मध्ये बरखास्त झाला. १८७५ च्या सुमारास तेथे उभारलेल्या पाचरीच्या आकाराच्या इमारतीचे अंतरंग १९०५ पासून वास्तुविशारद हर्बर्ट फुलर-क्लार्क व शिल्पकार हेन्री पूल यांनी पालटले. संगमरवरी भिंतींवरील तांब्याच्या उठावशिल्पांत मठवासी गातात, मासे पकडतात, द्राक्षे वेचतात. तपस्येचा मात्र मागमूस नाही. आतील कमानदार दालनात तर ‘नटवेपणा म्हणजे मूर्खपणा’ या आशयाचे वचन त्याच झगमगाटात झळकते! हे मध्ययुग ग्राहकांच्या रंजनासाठी रचलेले आहे. त्यास प्राचीन वारसा म्हणून गौरविणे भाबडेपणाचे ठरेल. १९६० च्या दशकात वास्तू पाडण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जॉन बेत्जेमन प्रभृतींनी विरोध केला व ती वाचली. त्या विरोधाचे मोल मठाच्या स्मृतीपेक्षा एडवर्डकालीन कारागिरी आणि तिची खोडकर वृत्ती जपण्यात अधिक आहे.