नाव हीच जाहिरात

सिगारेट आणि अन्य तंबाखूजन्य उत्पादनांविषयीचा २००३चा केंद्रीय कायदा, म्हणजे रूढ भाषेत ‘कोटपा’, आरोग्याच्या अंगाने पुष्कळांनी वाचला आहे. मी तो भाषेच्या अंगाने वाचत गेलो. जाहिरातीची त्याने केलेली व्याख्या थक्क करणारी आहे. सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, इतकेच नव्हे तर प्रकाश, ध्वनी, धूर किंवा वायू यांच्या साहाय्याने केलेले निवेदनही तीत येते. धुरापर्यंत पोहोचलेला हा मसुदाकार नावापाशी मात्र अडखळला, असे माझे म्हणणे आहे.

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथल्या टपऱ्यांवर घटकाभर उभे राहावे. ‘बिडी द्या’ असे क्वचितच ऐकू येते. गिऱ्हाईक छापाचे नाव घेते आणि बंडलाकडे न बघताच पैसे पुढे करते. १ एप्रिल २०१६पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याने व्यापला. पण तोंडातल्या नावावर इशारा कुठे चिकटवणार?

कलम ५ने जाहिरात बंद केली, तरी दोन दारे उघडी ठेवली : पाकीट आणि दुकान. दुकानाच्या फलकावर छापाचे नाव वा चित्र नको, असा नियम २००५मध्ये झाला. २००६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ती सर्वोच्च न्यायालयाने उठवली जुलै २०१३मध्ये. तेवढ्या काळात पाचवीतले पोर बारावीला जाते.

याच २००५च्या नियमांत अप्रत्यक्ष जाहिरातीची व्याख्या आहे आणि तिथे नाव अवतरते. तंबाखूच्या छापाचे नाव दुसऱ्या मालाला देणे ही जाहिरात. दुसऱ्या मालाचे नाव तंबाखूला देणे हीही जाहिरात. पण उसने घेतलेले नाव मालाचे नसून इतिहासातले असेल तर? त्यावर अवाक्षर नाही.

‘संभाजी बिडी’ हे नाव वर्षानुवर्षे चालले ते याच फटीतून. बिडी पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीची. शिवनेरी ज्या तालुक्यात आहे, तिथे हे नाव नुसता छाप कसे राहील? बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराविरुद्धचा १९५०चा कायदा आहे; त्याच्या परिशिष्टात थोरल्या महाराजांचे नाव आहे, धाकल्या धन्यांचे नाही. २०२०मध्ये शिवप्रेमी संघटनांच्या मागणीपुढे कंपनीने नाव बदलण्याचे जाहीर केले आणि पुढे ती ‘साबळे बिडी’ झाली. जे आरोग्याच्या कायद्याला जमले नाही ते अस्मितेने केले, पण अर्धेच. मागणी राजांचे नाव काढण्याची होती. बिडी काढण्याची नव्हती.

मिश्रीची तऱ्हा आणखी निराळी. तव्यावर भाजून कुटलेली ही तंबाखू आमच्याकडच्या कित्येक बायका सकाळी दातांना लावतात. घरच्या मिश्रीला छाप नाही, फलक नाही. जाहिरातबंदी तिथवर पोहोचतच नाही. ई-सिगारेटचे मात्र २०१९च्या कायद्याने उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात असे सगळेच बंद केले. माल नवा होता, बाजारात मुळे धरली नव्हती. बिडीच्या बाबतीत तेवढी हिंमत कोणतेही सरकार करील असे मला वाटत नाही.

तोवर निदान एवढे व्हावे : अप्रत्यक्ष जाहिरातीच्या व्याख्येत ‘इतर मालाचे नाव’ आहे, त्यापुढे ‘अथवा ऐतिहासिक व्यक्ती, देवता वा स्थळ यांचे’ हे शब्द घालावेत. राजपत्रातल्या एका ओळीचे काम आहे.