चाळीस उड्या आणि एक अखंड प्रवास

'पॉवर्स ऑफ टेन' हा चार्ल्स व रे ईम्स या दाम्पत्याचा १९७७ सालचा अनुबोधपट अवघ्या ९ मिनिटांचा आहे. शिकागोत मिशिगन सरोवराकाठी सहलीला आलेले जोडपे आणि १ मीटर रुंदीची चौकट, अशी सुरुवात होते. दर १० सेकंदांनी चौकट दहापट होते. ४ मिनिटांत ती एकावर २४ शून्ये इतके मीटर रुंद झालेली असते. मग परत फिरून आपण झोपलेल्या माणसाच्या हातात शिरतो, ते थेट अणुकेंद्रापर्यंत. दहाचे घात इतक्या थोडक्यात मनावर ठसवणारे दुसरे साधन आम्हाला माहीत नाही.

तरीही आमची एक तक्रार आहे. केस बूके या डच शिक्षकाच्या १९५७ सालच्या पुस्तकावर हा पट आधारलेला आहे. त्या पुस्तकाच्या नावातच '४० उड्या' आहेत. प्रत्येक पानावर स्वतंत्र चित्र. पान उलटताना उडी जाणवते. पटाने या उड्या पुसून टाकल्या. छायाचित्र कोठे संपले आणि रंगवलेले चित्र कोठे सुरू झाले, हे कळत नाही. निवेदक भौतिकशास्त्रज्ञ फिलिप मॉरिसन यांचा स्वरही सर्वत्र सारख्याच खात्रीचा आहे.

त्यामुळे कॅमेरा खरोखरच तेथवर गेला, असे मुलांना वाटू शकते. हिशेब करून पाहू. दीड मिनिटानंतरच्या १० सेकंदांत आपण ९०० कोटी मीटर दूर जातो, म्हणजे सेकंदाला ९० कोटी. प्रकाशाचा वेग मात्र सेकंदाला ३० कोटी मीटर! त्याच १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ अजून एकावर १४ शून्ये इतके मीटरही दूर गेलेले नाही. आपली आकाशगंगा बाहेरून कोणीच पाहिलेली नाही. ताऱ्यांची अंतरे आणि रेडिओलहरी यांवरून तिचा आकार ठरवला आहे.

हे ज्ञान खोटे नव्हे. ते कसे मिळाले, एवढेच पट सांगत नाही, आणि विज्ञानाचा गाभा तर तोच. म्हणून वर्गात पट एकदा सलग दाखवावा. दुसऱ्यांदा पृथ्वी, आकाशगंगा, पेशी आणि अणू येथे थांबवून विचारावे: हे कोणी पाहिले? कशातून पाहिले? की मोजमापांवरून ठरवले?