संकेतस्थळांवरील गतीचा कारभार

संकेतस्थळाच्या पानावर यादी हळुवार उलगडावी, चित्रामागून चित्र सरकत यावे, वाचक खाली जाईल तसतसा मजकूर प्रकट व्हावा, ही जी हालचाल आज आपण गृहीतच धरून चालतो, ती घडवून आणण्याचा अखत्यार कोणाकडे असावा, या वादाला आता तीस वर्षे होत आली. सीएसएसच्या, म्हणजे शैलीपत्रकांच्या, अलीकडील सामर्थ्यामुळे जुनी अ‍ॅनिमेशन प्लगिन्स निकालात निघाली, असे मानणारा एक पक्ष आहे, आणि प्लगिनवाचून खरी कलाकृती संभवतच नाही, असे म्हणणारा दुसरा. माझ्या मते जी हालचाल एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाऊन थांबते, ती शैलीपत्रकाच्या स्वाधीन न करण्याला आता कोणतीही सबब उरलेली नाही. परंतु जी प्रसंगामागून प्रसंग गुंफत आणि वाचकाच्या हस्तक्षेपाला उत्तर देत चालते, तिच्यासाठी शैलीपत्रकाजवळ अद्याप पुरेसे व्याकरण नाही.

या वादाचा पूर्वेतिहास फ्लॅशपासून सुरू होतो. १९९६ साली मॅक्रोमीडियाने फ्यूचरवेव्ह या कंपनीसह ताब्यात घेतलेल्या या साधनाने एका पिढीला वेबवर चित्रपटाची भाषा शिकवली; परंतु त्यातील मजकूर पानाचा नव्हे तर प्लगिनचा असे, आणि म्हणून ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने त्याचा आधार काढून घेतला व पुढील १२ जानेवारीपासून प्लेअरनेच जुन्या फायली चालवण्याचे नाकारले, तेव्हा ब्राउझर जागच्या जागी असूनही असंख्य कृती एकाएकी मुक्या झाल्या. इंटरनेट अर्काइव्हने रफल या अनुकरण-प्रणालीच्या साह्याने त्यांतील काही पुन्हा चालत्या केल्या, तरी ती हानी भरून निघाली असे म्हणवत नाही.

जॉन रेसिग यांच्या जेक्वेरीने २००६ पासून दुसरा मार्ग रूढ केला: हालचाल पानाच्याच घटकांची, हुकूम जावास्क्रिप्टचा. पद्धत मोठी कष्टाची होती. दर तेरा मिलिसेकंदांनी एक टायमर जागा होई, घटकाची नवी उंची किंवा नवे स्थान त्याच्यावर लिहून ठेवी, आणि ब्राउझरला मांडणीचा हिशेब पुन्हा करावा लागे. सेकंदाला साठ चौकटी दाखवणाऱ्या पडद्यावर एका चौकटीच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात, आणि टायमरचा ताल पडद्याच्या तालाशी जुळलेला नसल्यामुळे दुर्बल यंत्रांवर हालचाल अडखळे. वेबकिटच्या कर्त्यांनी २००७ साली शैलीपत्रकातूनच अ‍ॅनिमेशन घडवण्याची जी तजवीज जाहीर केली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. शैलीपत्रक आरंभ, शेवट आणि मुदत एवढेच नोंदवते. मधल्या चौकटी ब्राउझर स्वतः काढतो, आणि ट्रान्स्फॉर्म व ओपॅसिटी यांसारख्या गुणांपुरते काम तर तो मुख्य थ्रेडवरून उचलून पानाचे थर जुळवणाऱ्या कंपोझिटरकडे सोपवतो, त्यामुळे पानावरील स्क्रिप्ट अन्यत्र गुंतली असली तरी ताल मोडत नाही. उंची आणि रुंदी हलवली की मात्र मांडणीचा तोच जुना हिशेब शैलीपत्रकालाही चुकत नाही, आणि हा भेद न सांगता केलेली सीएसएसची स्तुती मला बेजबाबदार वाटते.

उंचीच्या प्रश्नापाशी जरा थांबले पाहिजे, कारण जुन्या साधनांचे शहाणपण तिथेच उघड होते. जेक्वेरीची स्लाइडडाउन ही क्रिया घटकाची नैसर्गिक उंची आधी मोजून घेई आणि मग शून्यापासून तिथपर्यंत त्याला वाढवत नेई; शैलीपत्रकाला मात्र शून्य आणि 'ऑटो' यांमधील अंतर काढताच येत नसे, कारण पहिली निश्चित संख्या आणि दुसरा मांडणीवर सोपवलेला निर्णय. म्हणून वर्षानुवर्षे लोक कमाल उंचीचा अंदाजी आकडा लिहून निभावून नेत. मजकूर दोनशे पिक्सेलचा आणि आकडा हजाराचा असला, की यादी मुदतीच्या आरंभीच पुरी उलगडून मोकळी होई, आणि मिटताना बराच वेळ काहीच न घडता अखेरीस एकदम मिटे. ग्रिडची ओळ शून्यापासून एक अंशापर्यंत नेण्याची युक्ती त्याहून सरस होती. पण सरळ उपाय, इंटरपोलेट-साइझ, २०२४ साली क्रोमच्या १२९व्या आवृत्तीत आला, आणि इतर ब्राउझरांनी तो लगोलग उचलला नाही. जेक्वेरीने जे २००६ मध्ये साधले होते, त्याला प्रमाण व्यवस्थेत अठरा वर्षे लागली.

स्क्रोलच्या क्षेत्रात मात्र प्लगिनची पीछेहाट मी निर्विवाद मानतो. स्क्रोलच्या प्रत्येक हालचालीकडे कान लावून मोजमापे घेत बसणारी साधने जे करीत, ते क्रोमने २०२३ मध्ये आणि सफारीने २०२५ मध्ये शैलीपत्रकाच्या दोन-तीन ओळींत आणले. काळाच्या जागी स्क्रोलचे अंतर हीच अ‍ॅनिमेशनची पट्टी झाली. जिथे ही सोय नाही, तिथे नीट लिहिलेले पान स्थिर राहते आणि वाचता येते.

आता दुसरी बाजू. जॅक डॉइल यांचे जीसॅप हे ग्रंथालय फ्लॅशच्या काळातच जन्मले आणि पुढे जावास्क्रिप्टमध्ये आले. त्याच्या टाइमलाइनमध्ये प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या संदर्भाने उभी असते. दुसरी अर्ध्या सेकंदाने लांबवली, की पुढच्या साऱ्या आपोआप सरकतात. शैलीपत्रकात प्रत्येक घटकाचा विलंब स्वतंत्र लिहिलेला असल्याने त्याच बदलासाठी पुढचे सगळे आकडे हाताने सुधारावे लागतात, आणि दीर्घ रचनेचे काम करणाऱ्याला ही शिक्षा असह्य होते. शिवाय बोटाने भिरकावलेले कार्ड ज्या वेगाने सुटले, तो वेग शैलीपत्रकाला कळत नाही. लिनिअर या नव्या फलनाने स्प्रिंगची उसळी रेखाटता येते, पण ती वक्ररेषा आधीच ठरलेली असते. मध्येच अडवलेले संक्रमण आहे त्या जागेपासून पुढे जाते, संवेग मात्र हरवतो. वेबफ्लो कंपनीने हे ग्रंथालय विकत घेतल्यावर २०२५ मध्ये त्याची सशुल्क प्लगिन्सही विनामूल्य झाली, त्यामुळे किमतीची हरकत गेली. परवाना कंपनीच्याच हाती आहे, पण फाइल पानाबरोबरच येत असल्याने फ्लॅशसारखी गत होण्याचे भय फार नाही.

हालचालीने चक्कर येणाऱ्या वाचकांसाठी सफारीने २०१७ मध्ये आणलेली गती कमी करण्याची विनंती शैलीपत्रकातील एका नियमाने पाळता येते. ती न पाळणारे साधन, कितीही देखणे असो, मी त्याज्य ठरवतो.

मराठी मथळ्यांच्या बाबतीत तर दोन्ही पक्ष उणे पडतात. शैलीपत्रकाला पहिले अक्षर निवडता येते, तिसरे किंवा पाचवे नाही. म्हणून अक्षरे एकेक करून आणायची तर प्लगिनला शरण जावे लागते, आणि मजकूर कोड-बिंदूंवर तोडणारे प्लगिन वेलांटी एकीकडे आणि व्यंजन दुसरीकडे टाकते. अक्षरगट ओळखणाऱ्या नियमांतही देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याची तरतूद युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली झाली. ज्या साधनाने ती अंगीकारलेली नाही, त्याच्या हाती मराठी मथळा देऊ नये. तो शब्दाशब्दाने हलवावा.