पुरवणीने भिस्त ठेवायची कशावर?

डेटाबेसमध्ये आकडे, तारखा, नावे साठवता येतात हे आपल्याला ठाऊक आहे. पण नदीचे पात्र किंवा तालुक्याची सीमा साठवायची असेल तर? नव्या प्रकारची माहिती वापरणाऱ्याला स्वतःच जोडता यावी, हे उद्दिष्ट ठेवून मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली बर्कली येथे पोस्टग्रेसची आखणी केली. आजचा पोस्टग्रेस्क्यूएल हा मुक्त स्रोत डेटाबेस त्यातूनच वाढला. कॅनडातील मंडळींनी २००१ साली त्याला नकाशे समजणारी पोस्टजीआयएस ही पुरवणी, म्हणजे एक्स्टेन्शन, जोडली. इतकी मोकळीक फार थोडे डेटाबेस देतात, हे टीका करण्याआधी मान्य केले पाहिजे.

या मोकळिकीची किंमत मात्र पुरवणी लिहिणारा दर वर्षी मोजतो. वर्षाला एक मोठी आवृत्ती निघते आणि आतली फंक्शने बदलतात. २०२१ च्या आवृत्ती १४ मध्ये एका जोडणीच्या जागी एक घटक वाढला. २०२५ च्या आवृत्ती १८ मध्ये दुसऱ्या एका जागचा घटक कमी झाला. म्हणून पुरवणीत ‘आवृत्ती अमुक असेल तर असे, नाहीतर तसे’ अशी कलमे साचत जातात. हा त्रास निदान उघड असतो, कारण कंपायलर चूक दाखवतो. शिवाय २००६ पासून पुरवणीवर आवृत्तीची खूण असते आणि ती जुळली नाही तर डेटाबेस पुरवणी आत घेतच नाही. उत्तम सोय आहे ही.

न दिसणारा बदल अधिक घातक. कंपाइल झालेला प्रोग्रॅम नावे ओळखत नाही, अंतरे ओळखतो. ‘पान ४७, तिसरी ओळ’ एवढेच सांगणारे गाईड घ्या. पुस्तकाच्या पुनर्मुद्रणात एक चित्र वाढले की ते निरुपयोगी. नोव्हेंबर २०२४ मध्ये १७.१ ही किरकोळ दुरुस्तीची आवृत्ती आली. तीत ‘रिझल्टरेलइन्फो’ या साच्याच्या शेवटी हो-नाही स्वरूपाची एक नोंद वाढली. नोंद एका बाइटची. पण साच्याची लांबी आठ-आठ बाइटांच्या पटीत ठेवावी लागते, म्हणून तो ३७६ चा ३८४ बाइटांचा झाला. शेवटी भर घातली की आधीच्या नोंदी हलत नाहीत हे खरे, पण काही पुरवण्या हा साचा स्वतः तयार करतात, हे नजरेतून सुटले. टाइमस्केलडीबीसारख्या पुरवण्या जुन्या मापाची जागा राखत होत्या, आणि डेटाबेस तिच्यापुढे हात घालू शकत होता. आठवड्याभरात १७.२ आली. तीच नोंद साच्यातल्या एका रिकाम्या बाइटमध्ये बसवली आणि माप पूर्ववत झाले.

दुरुस्ती तत्पर होती, यात शंका नाही. पोस्टग्रेस्क्यूएलच्या माहितीपुस्तिकेत आता स्थैर्यावर स्वतंत्र भागही आहे: किरकोळ आवृत्तीत बदल टाळू, मोठ्या आवृत्तीला पुरवणी पुन्हा कंपाइल करा. प्रामाणिक आहे, पण अपुरे. अंगणातले कोणते आणि माजघरातले कोणते, ही रेघच आखलेली नाही. पुरवणीकाराला सगळे घर सताड उघडे.

एसक्यूलाइटने ही रेघ आखली आहे. तेथे बाहेरच्यांसाठी फंक्शनांचा एक तक्ता असून नवे फंक्शन केवळ तक्त्याच्या शेवटी जोडतात, त्यामुळे जुनी पुरवणी चालत राहते. अर्थात तेवढ्या तक्त्यावर टाइमस्केलडीबी उभी राहिली नसती. तेव्हा पोस्टग्रेस्क्यूएलने एसक्यूलाइट व्हावे, अशी माझी मागणी नाही. नवा माहितीप्रकार जोडण्यास लागणारी थोडी फंक्शने तरी ‘ही सहसा हलणार नाहीत’ म्हणून वेगळी नोंदवावीत.

अशी हमी दिली तर मूळ प्रणाली सुधारताना हात बांधले जातात, हा आक्षेप पोकळ नाही. पण मग ते ओझे बहुधा फावल्या वेळात काम करणाऱ्या एकट्या पुरवणीकारावर पडते. तो थकला की त्याची पुरवणी वापरणारे जुन्या आवृत्तीवरच अडकून राहतात, आणि पाच वर्षांनी त्या आवृत्तीच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात.